गहाण पडलेला परगणा

लढाई कोण जिंकलं ते आपण शाळेत पाठ करतो. तिचे पैसे कुणी भरले, हे कुणी शिकवत नाही. माळव्यातल्या पवारांच्या धार-देवास संस्थानांचा इतिहास वाचताना मी दर वेळी याच प्रश्नापाशी अडतो.

मराठी फौज माळव्यात चालायची ती सावकाराच्या रोकडीवर. शिलेदारांचा पगार थकलेला आणि पीक अजून शेतात उभं. मग दरबार सावकाराकडून रक्कम उचले आणि परगण्याच्या वसुलावर त्याला वरात, म्हणजे त्या वसुलातून रक्कम घेण्याचा हुकूम, लिहून देई. वरात हातात पडली की सावकाराचा माणूस गावच्या चावडीवर येऊन बसे. रयतेच्या घामाचा पहिला वाटा त्याचा, दरबाराचा त्यामागून. मोहीम लांबली की पुढच्या वर्षाचा वसूलही आधीच लिहून दिलेला असे. पण सावकारापाशी तोफा नव्हत्या. फारच अडलं तर दरबार त्याला चौकीत बसवून पैसा काढी, आणि सावकार हात आखडता घेऊन फौज जागच्या जागी बसवी. दोघांना एकमेकांची गरज होती आणि भीतीही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिंदे-होळकरांच्या फौजांनी धारचा मुलूख ओरबाडून काढला. धारचे राजे दुसरे आनंदराव यांच्या मागे त्यांच्या पत्नी मीनाबाईंनी हिमतीने राज्य सांभाळलं. या बाईंचं नाव महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे?

मग ईस्ट इंडिया कंपनी आली. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने डिसेंबर १८१८ मध्ये तह केला, धारने १० जानेवारी १८१९ ला. धारच्या तहात एक व्यवहार आहे. कंपनीने अडीच लाख रुपये कर्ज दिलं आणि त्याच्या फेडीसाठी बैरसिया परगणा पाच वर्षं आपल्याकडे घेतला. व्यवहार जुनाच, वरातीचा. फरक एवढाच की या सावकारापाशी तोफा होत्या, आणि त्याला चौकीत बसवणारा कुणी उरला नव्हता.

माळव्यातल्या पेढ्यांचंही तेच झालं. लढाया थांबल्या तशी दरबाराला कर्ज देण्यातली त्यांची वट ओसरली. त्यांचा पैसा अफूत होताच, तो आणखी वळला. ती वाटही कंपनीने धरली. कंपनीचा कर चुकवायला माल कराचीमार्गे दमणला जाई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि ती पळवाट बुजली. मुंबईमार्गे जाणाऱ्या पेटीवरचा कर १२५ रुपयांवरून १८४७ पर्यंत ४०० वर गेला. एका दरबाराला हमी देणारा सावकार आता परवान्यासाठी रांगेत उभा होता.

म्हणून लढाईचं वारं सुटलं की मला काळजी वाटते ती कागदांची. घाईत केलेली खरेदी, विनानिविदा कंत्राटं, कुणाकडून किती उचललं आणि बदल्यात काय लिहून दिलं, हे सगळं ‘देशासाठी’ म्हणून झाकून ठेवलं जातं. शस्त्रांचा तपशील गुप्त राहू द्या. पण देण्याघेण्याच्या अटी संसदेपुढे आल्याच पाहिजेत, आणि त्या मागणाऱ्याला कुणी देशद्रोही म्हणता कामा नये.

आणि त्या गहाण परगण्याचं शेवटी काय झालं? १८५७ च्या उठावानंतर धार संस्थान जप्त झालं. १८६० मध्ये ते अल्पवयीन तिसऱ्या आनंदरावांना परत मिळालं, पण बैरसियाशिवाय. तो परगणा इंग्रजांनी भोपाळच्या बेगमेला देऊन टाकला होता. आजही बैरसिया भोपाळ जिल्ह्यातच आहे.