भिंतीआडची बेपर्वाई

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील कितीतरी मुकी घरे बोलू लागतात. वर्षभर कुलूप मिरविणारे दार उघडते, मुंबई-पुण्याला गेलेले भाऊबंद सहकुटुंब परततात, देवघरासमोर माटोळी बांधली जाते, आणि कोणीतरी मुख्य कळ दाबतो. दिवे लागतात, पंखे फिरतात आणि घर जागे झाल्याचे समाधान सर्वांच्या मुखांवर उमटते. दिवा लागला म्हणजे सारे ठीक आहे, नळाला पाणी आले म्हणजे काम नीट झाले आहे, अशी आपली दृढ समजूत आहे. आमच्या मते या भाबड्या समजुतीइतकी घातक गोष्ट आपल्या जुन्या घरांत दुसरी नाही.

ही घरे बांधली गेली तेव्हा वीज आणि नळ यांचा विचारच झालेला नव्हता. 1961 पूर्वी गोव्यात वीज होती ती मोजक्या शहरांपुरती. खेड्यापाड्यांत ती मुक्तीनंतर टप्प्याटप्प्याने पोहोचली. तेव्हा चिऱ्याच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून चार दिवे आणि एखादा रेडिओ एवढ्यापुरत्या तारा फिरविण्यात आल्या. त्या काळास ते काम पुरेसे होते आणि पुष्कळ ठिकाणी ते प्रामाणिकपणेही झाले होते. अपराध पुढे घडला. शीतकपाट आले, पाण्याचा पंप आला, न्हाणीतील तांब्याचे भाण अडगळीत जाऊन गीझर आला, वातानुकूलन यंत्र आले; आणि या साऱ्यांचा भार त्याच चार दिव्यांच्या तारांवर टाकण्यात आला. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. पाच अँपिअरच्या तारेला तो जोडला की फ्यूज उडणारच. मग आपण काय करतो? तांब्याच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून फ्यूजमध्ये बसवितो. फ्यूज उडणे थांबते आणि त्याच्या वाट्याचे जळणे आता भिंतीवरील तारेच्या वाट्याला येते.

परंतु याहूनही सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक भयंकर असा एक दोष आहे. पूर्वी अनेक घरांत अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा खणण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. जमिनीखालून येणाऱ्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार गुंडाळली की काम भागत असे. कालांतराने खाऱ्या हवेने आणि ओलीने तो नळ गंजला. प्लंबर आला, त्याने गंजका तुकडा कापून प्लास्टिकची नळी बसविली आणि आपले पैसे घेऊन गेला. गळती थांबली, घरधनी संतुष्ट झाला. मात्र त्या क्षणी घरातील प्रत्येक उपकरणाची जमिनीशी असलेली नाळ तुटली होती. आता गीझरच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास वाट नाही. उलट, उरलेल्या लोखंडी नळातून ती न्हाणीच्या तोटीपर्यंत पोहोचते आणि ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या देहातून वाट काढते. प्लंबरला विजेचे कळत नव्हते, वायरमनला नळ बदलल्याची वार्ता नव्हती, आणि दोघांना एकत्र बसवावे हे घरधन्याला सुचले नाही. तिघांपैकी एकानेही वाईट हेतू धरला नाही. तरी त्यांनी मिळून मृत्यूचा सापळा मांडला!

अशा वेळी फ्यूज आपणास वाचवील, असे कोणी मानू नये. माणसाच्या हृदयाची लय बिघडण्यास 230 व्होल्टच्या पुरवठ्यातील काही दशक मिलिअँपिअर प्रवाहही पुरतो. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. फ्यूजचे काम तारेला वाचविण्याचे आहे, माणसाला वाचविण्याचे नव्हे. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडणारे स्वतंत्र साधन असते. ते अर्थिंगला पर्याय नव्हे, तिचा सोबती आहे. चतुर्थीच्या रोषणाईवर आणि दारूकामावर होणाऱ्या खर्चाशी त्याच्या किमतीची तुलना वाचकांनीच करून पाहावी.

पाण्याच्या कामाची तऱ्हाही वेगळी नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थोडासा ठिबकतो. तापलेले पाणी प्रसरण पावते, म्हणून तो ठिबकणे हेच त्याचे काम. परंतु ‘गळते’ म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग आहेत, आणि बंद भांड्यात वाफेचा दाब कोंडत जाण्याचा अर्थ काय हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. चिरा हा सच्छिद्र दगड. भिंतीत खाच पाडून बसविलेली नळी आत झिरपू लागली तर तो ओल पीत राहतो. वरून सिमेंटचा गिलावा असला की ती ओल बाहेर पडत नाही, वासे-तुळयांच्या टोकांशी वाळवी लागते आणि दोन वर्षांनी पोपडे धरले की आपण रंगाऱ्याला बोलावतो. रोग पोटात आणि लेप कपाळावर!

याचा दोष कोणाचा? ‘परप्रांतातून आलेले कारागीर असेच करायचे’ हे उत्तर आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. आम्हांस ते मान्य नाही. हे काम शिकण्यास आपली मुले का तयार नाहीत, हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा. पूर्वी गावचा सुतार गावातच राही. त्याने बसविलेले दार कुरकुरले तर देवळाच्या सभामंडपात चारचौघे त्याला टोकीत. आजच्या कारागिराला ना ती लाज आहे ना तो मान. आपण तीन जणांकडून दर मागवितो, सर्वांत कमी सांगणाऱ्यास काम देतो आणि जे दिसते तेवढेच तपासतो. फरशी सरळ आहे की नाही हे आपण वाकून पाहतो. फरशीखालची नळी कोणत्या प्रतीची आहे हे विचारीत नाही. न दिसणाऱ्या कामाला मोल द्यायचे नाही असे गिऱ्हाइकानेच ठरविल्यावर ते काम चोख होणार कसे?

गोव्यात याला आणखी एक पदर आहे, तो वारशाचा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही वडिलार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु एका घराचे वीस वारस झाले की हक्क वीस जणांचा होतो आणि दुरुस्ती कोणाचीच राहत नाही. वीजजोडणी दिवंगत आजोबांच्या नावे, एका चुलत्याची तार ओसरीवरून, दुसऱ्याची माळ्यावरून. कोणती कळ कोणाचा पुरवठा तोडते हे कोणालाच ठाऊक नाही. हिश्श्यासाठी न्यायालयाची पायरी चढणारे आपण अर्थिंगच्या खड्ड्यासाठी मात्र एकत्र बसत नाही.

शासनासही अंग झटकता येणार नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी खात्याची आणि पुढची ग्राहकाची, ही वाटणी नियमास धरून आहे. पण परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला एकदा जोडणीच्या वेळी घेऊन पुढे पन्नास वर्षे त्या घराकडे ढुंकूनही न पाहणे, ही सुरक्षितता नव्हे. जुन्या घरांच्या तारांची ठराविक वर्षांनी तपासणी व्हावी, केवळ सुरक्षेच्या दुरुस्तीस सर्व वारसांच्या संमतीची अट आड येऊ देऊ नये, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळकाम शिकणाऱ्यास विजेचे आणि वीजकाम शिकणाऱ्यास नळाचे प्राथमिक ज्ञान द्यावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

तोपर्यंत घरधन्यांनी काय करावे? परवानाधारक वायरमनकडून तारांचे आवरण आणि अर्थिंग मोजून घ्यावे. नुसते पाहून ‘बरे आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये. गळती तोडणारे साधन बसवावे आणि त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून ते जागे आहे याची खात्री करावी. नळ बदलताना अर्थिंगची तार त्याला जोडली आहे काय, हे आधी पाहावे. भिंत बुजविण्यापूर्वी नळ्या-तारांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढची पिढी दुवा देईल.

पूर्वजांनी आपल्यासाठी दीड-दीड हात जाडीच्या भिंती उभारल्या. त्या भिंतींच्या आत आपण काय पेरून ठेवले आहे, याचा हिशेब आपल्या मुलाबाळांना चुकवावा लागेल. येत्या चतुर्थीस सारे भाऊबंद एका पंक्तीला बसतील, तेव्हा वाटण्यांचा विषय काढण्यापूर्वी न्हाणीच्या तारेचा विषय काढावा. घर कोणाचे, हा निवाडा लांबला तरी चालेल. घरात राहणाऱ्यांचे प्राण तितका काळ थांबू शकत नाहीत.