स्विफ्ट एकच, पण जपानची निराळी अन् आपली निराळी

मोबाईलवर जपानच्या स्विफ्टचे व्हिडिओ बघून तालुक्यातली पोरं विचारतात, ‘ही गाडी आपल्याकडं कधी येणार?’ नव्या पिढीची स्विफ्ट 9 मे 2024 लाच इथं आली आहे. चेहरामोहरा जवळपास तोच. फरक खाली वाकून बघितल्यावर दिसतो. जपानी गाडी जमिनीपासून 120 मिलिमीटर उंच, आपली 163. त्यामुळं आपली जरा टाचा वर करून उभी राहिल्यासारखी वाटते. शेतरस्त्यांचे मधले उंचवटे अन् गावोगावचे गतिरोधक बघता तेच बरं.

पण रडार अन् कॅमेऱ्यानं अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा जपानमध्ये मिळते, आपल्याला दिलेली नाही. हायब्रीडही तिकडंच. इथं सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आहेत, सप्टेंबर 2024 मध्ये सीएनजीही आली (टाकीनं डिकी खाल्ली, तो भाग वेगळा).

पुढच्या बदलाची चर्चा निघाली की लोक नवी जाळी अन् नवे दिवेच विचारतात. मागायचेच तर ते ब्रेक मागा. गळीत हंगामात रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तिथं जाळीचा आकार काय कामाचा? नुसत्या बंपरसाठी खरेदी लांबवू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाच आहे.