सुनावणी झाली, संमतीचे काय?

गायरान, गावतळे, खाजण, वन, समुद्रकिनारा यांच्या सरकारी अभिलेखांत मालक म्हणून बहुधा एकच नाव आढळते, ते म्हणजे सरकार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये ज्या जमिनीवर अन्य कोणाची मालकी नाही ती राज्याची ठरते. व्यवस्थेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्या किनाऱ्यावर मासळी सुकविणारी कोळीण, गायरानावर गुरे चारणारा शेतकरी, रानात मोहफुले वेचणारे आदिवासी कुटुंब यांचा त्या कागदावर सहसा उल्लेख नसतो. जमीन एखाद्या प्रकल्पाला देण्याची वेळ आली की हीच माणसे अचानक 'बाधित' म्हणून नोंदली जातात.

आपल्या धर्मप्रांतातील डहाणू तालुक्यात वाढवण बंदराच्या निमित्ताने हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले होते. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील या प्राधिकरणाने १९९८ साली येथे बंदर अनुज्ञेय नाही, असा निर्णय दिला. पुढे अध्यक्ष बदलले आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली. जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली व ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून जवळजवळ १,४४८ हेक्टर जमीन निर्माण करण्याची ही योजना आहे. ज्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या जाळी टाकली गेली, त्याच पाण्याची जमीन होणार, आणि तिच्या कागदावर मच्छीमाराचे नाव असणार नाही.

बंदर हवे की नको, याविषयी आपल्या धर्मग्रामांतही मतभेद आहेत. रोजगाराची अपेक्षा बाळगणाऱ्या तरुणाला दोष देता येणार नाही. येथे प्रश्न निराळा आहे. जनसुनावणी ज्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार होते, तिच्यात ३० दिवसांची पूर्वसूचना व स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक आहे. गणपूर्ती मात्र आवश्यक नाही. सभेला पाच माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, सुनावणी पूर्ण झाली असेच मानले जाते. मतदान होत नाही. बोललेले लिहून घेतले जाते आणि वर पाठविले जाते.

आता याच्याशेजारी २००६ चाच वनहक्क कायदा ठेवून पाहावा. त्याच्या नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांमध्ये किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. येथे गाव केवळ ऐकवत नाही, ठरवते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटचे खनन करण्याचा प्रस्ताव होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी तो विषय ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंध स्त्री-पुरुषांनी आपला डोंगर आपले दैवत असल्याचे न्यायाधीशांसमोर सांगितले. पुढील वर्षी केंद्र सरकारने खननास परवानगी नाकारली. महाराष्ट्रातही गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबूविक्री करू लागली. वनातील गावांना जे मिळाले, तसा कायदा किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठी मात्र अद्याप झालेला नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला ही चर्चा परकी नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्येच मांडले होते की, लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रकल्पाविषयीच्या चर्चेत स्थानिक जनतेला विशेष स्थान असावे असा आग्रह धरला. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात तर भूमी देवाची आणि माणसे तिच्यावरील पाहुणे, अशी भूमिका आहे. या दृष्टीने पाहता सरकारही विश्वस्तच ठरते.

विशेष म्हणजे आपल्या जुन्या महसूल कायद्यातही लोकसहभागाची एक वाट आहे. संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावच्या पडीक जमिनीवरील चराई, जळण, माती यांबाबतची व्यवस्था त्यात लिहावयाची. मसुदा गावात प्रसिद्ध करावयाचा. आणि रहिवाशांची इच्छा जाणून घेऊन मगच जिल्हाधिकाऱ्यांनी तो अंतिम करावयाचा. ही पद्धत प्रामुख्याने विदर्भात रुजली. कोकणपट्टीत निस्तारपत्रक हा शब्दही फारसा कोणाच्या कानी नाही!

वसईची अडचण याहून वेगळी. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिच्यात समाविष्ट झालेल्या गावांच्या ग्रामसभा संपल्या. तळी, मोकळ्या जागा, रस्त्याकडेच्या पट्ट्या यांविषयी विचारण्याची जागाच नाहीशी झाली. उरल्या त्या आराखड्यावरील हरकती व सूचना. गावे वगळण्यासाठी वसईकरांनी एवढा लढा का दिला, हे बाहेरच्यांना अनेकदा उमगत नाही.

जेथे ग्रामसभा आहेत तेथे तरी काय दिसते? साध्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. परंपरेने ठरलेल्या दिवसांपैकी एक १५ ऑगस्ट. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या मिस्सेला आपली चर्चे भरलेली असतात. मिस्सेची वेळ आणि ग्रामसभेची वेळ एकमेकींवर येणार नाही, एवढी व्यवस्था धर्मग्राम परिषदा सरपंचांशी बोलून सहज करू शकतील.