बोंडातली अळी आणि बांधावरची पऱ्हाटी



शेंदरी बोंडअळीबद्दल दरवर्षी सरकारी पत्रके निघतात. सूर एकच : शेतकरी फरदड घेतो, म्हणून अळी वाढते. गुन्हेगार ठरला शेतकरी, पत्रक संपले! अळीचा हिशेब मात्र त्याहून लांबचा आहे. तो मांडल्याशिवाय आपल्या वाट्याचे काम कोणते आणि दुसऱ्याच्या माथी मारायचे कोणते, हे कळणार नाही.

ही अळी काल आलेली नाही. १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने तिची शास्त्रीय नोंद केली, ती भडोचच्या कापसावरून. पुढे सरकीच्या पोत्यांतून ती ईजिप्तला गेली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ साली टेक्सासात पोचली. पतंग एवढा उडत नाही. व्यापाराने तिला जग दाखवले.

मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. एका मादीची शंभरावर. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या जाळ्याने बांधते, तीच डोमकळी. बोंडात शिरली की भोक बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली. तिला वरचा फवारा लागणार कसा? महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी उभी राहते. हंगाम सरताना शेवटच्या अळ्या दोन सरक्या चिकटवून आत झोपतात. किडक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात, जिनिंगच्या सरकीत त्या महिनोन् महिने तग धरतात.

तिचे मर्म एकच. तिचे पोट कपाशीवर, फार तर भेंडी-अंबाडीवर. ज्वारीवर ती जगत नाही.

२००२ साली बीटी बियाणे आले, २००६ साली दोन जनुकांचे. २०१० पर्यंत गुजरातेत तिने पहिले पचवले, आणखी पाच वर्षांत दुसरेही. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे हातची गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ साली, अमेरिकेने ही अळी देशातून संपल्याचे जाहीर केले. तिथेही बीटीच होते. पण जोडीला पऱ्हाटीचा वेळेवर नायनाट होता, वांझ पतंग सोडणे होते आणि साऱ्या शेतकऱ्यांची एकजूट होती. आपल्याला दिले लांब मुदतीचे संकरित वाण. कोरडवाहू शेतकऱ्याची पहिली वेचणी देणेकऱ्याची, शेवटची घरची. भाव पडला की शेवटच्या वेचणीवरच संसार. फरदड हौसेने कोणी ठेवत नाही.

म्हणून आमचे म्हणणे दोन बाजूंनी आहे. सरकारने लवकर निघणारे सरळ वाण खुले करावेत, नव्या तंत्रज्ञानाची वाट अडवू नये आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे व सरकीची सफाई सक्तीची करावी. उपदेश फक्त शेतकऱ्याला, हे चालणार नाही.

दुसरी बाजू आपली. एकट्याने रान साफ करून भागत नाही. पतंगाला धुरा कळत नाही. गावाने मिळून ठरवावे : डिसेंबरअखेर कपाशी काढायची. आधी शेळ्यामेंढ्या चारायच्या, मग पऱ्हाटी उपटायची. सरपणाला ठेवायची ती बोंडे झाडून, आणि ती बोंडे जाळून. मृगाआधी पेरा नको. पात्या लागण्याआधी निघालेले पतंग उपाशी मरतात. एकरी दोन सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी दिसली, तरच फवारा. आणि एखाद्या तुकड्यात कपाशीमागे ज्वारी. दाणा घरात, कडबा गोठ्यात, अळी उपाशी.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली तारीख ठरवून यावे.