नगरसेवकाविना नगर

स्वातंत्र्याची चर्चा बहुधा दोन टोकांभोवती फिरते. एका टोकाला व्यक्ती असते, दुसऱ्या टोकाला राज्यसंस्था. या दोहोंच्या मध्ये नगर असते. त्याच्या नळाचे पाणी रोज प्यावे लागते, त्याच्या रस्त्यावरून रोज जावे लागते, त्याच्या उद्यानात मुले खेळतात. राजकीय विचारात मात्र हे नगर दुय्यम ठरते. या उपेक्षेची किंमत काय असते, हे दिल्लीच्या सीमेवरील नोएडा दाखवून देते.

नोएडाचा जन्म १७ एप्रिल १९७६ चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. उत्तर प्रदेशच्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्यान्वये ‘न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण’ स्थापन झाले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच शहराला नाव मिळाले. शहराने प्राधिकरण निर्माण केले नाही. प्राधिकरणाने शहर निर्माण केले. पुढच्याच वर्षी आणीबाणी उठली, पण हा क्रम काही बदलला नाही. २०११ च्या जनगणनेत नोएडाची लोकसंख्या ६ लाख ३७ हजारांवर गेली. एवढ्या लोकांना आमदार आणि खासदार निवडता येतात. नगरसेवक मात्र निवडता येत नाही. जमिनीचे वाटप, आराखडा, बांधकामाचे परवाने, पाणी, उद्याने हे सारे शासननियुक्त अधिकाऱ्यांच्या हाती आहे. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभे राहिले, त्या गावांच्या ग्रामपंचायतीही पुढे बंद झाल्या.

याला घटनेचाच आधार सांगितला जातो. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. पण अनुच्छेद २४३ क्यू मध्ये एक परंतुकही ठेवले. एखादे औद्योगिक प्रतिष्ठान नागरी सेवा पुरवीत असेल वा पुरविणार असेल, तर त्या क्षेत्राला ‘औद्योगिक नगरी’ ठरवून नगरपालिकेतून वगळता येते. कारखान्याभोवतीच्या वसाहतीसाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. २४ डिसेंबर २००१ च्या अधिसूचनेने ती नोएडाला लागू झाली. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न आला, तेव्हा याच प्राधिकरणाने आपण स्थानिक संस्था असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१८ रोजी तो फेटाळला. हे प्राधिकरण घटनेच्या अर्थाने नगरपालिका नाही, असा निर्वाळा दिला. कर भरण्याची वेळ आली की स्वराज्यसंस्था आणि मत मागण्याची वेळ आली की औद्योगिक नगरी, असा हा दुटप्पी व्यवहार होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात या रचनेचा खरा अर्थ उघड झाला. सेक्टर ५८ मधील एका उद्यानात आसपासच्या कार्यालयांतील मुस्लिम कर्मचारी शुक्रवारी नमाज पढत असत. पोलिसांनी तेथील कंपन्यांना नोटिसा दिल्या: कर्मचारी नमाजासाठी उद्यानात आले, तर कंपनी जबाबदार धरली जाईल. नोकराच्या श्रद्धेवर पहारा ठेवण्याचे काम अशा रीतीने मालकाकडे सोपविण्यात आले. विनापरवाना धार्मिक कार्यक्रमांवरील बंदी सर्वच धर्मांना लागू आहे, असे समर्थन झाले. त्याच सुमारास ग्रेटर नोएडात एका भागवतकथेची तयारीही थांबविण्यात आली. परंतु सर्वांना सारखाच नकार देणे म्हणजे बहुविधतेचा आदर नव्हे. सार्वजनिक जागेच्या वापराला नियम हवेत, हे निर्विवाद. ते नियम कोणी, कोणाचे ऐकून करावयाचे, हा वादाचा मुद्दा आहे. वेळ ठरविता आली असती, जागा वाटून घेता आली असती, शेजाऱ्यांची तक्रार आणि नमाजींची अडचण एकाच बैठकीत मांडता आली असती. अशी बैठक भरविणारे सभागृहच या शहरात नव्हते. उरली ती केवळ परवानगी आणि नोटीस.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. सभागृह असते तरी बहुसंख्याकांनी तेथेही नकारच दिला असता. मग निवडणुकीने काय साधले असते? हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या स्वयंशासनाविषयीच्या भाबड्या कौतुकावर कठोर टीका केली होती. तिच्यामागे अनुभव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट रोजी, तिनेच तो ठराव मागे घेतला. स्थानिक सत्ता अन्यायी होऊ शकते, याला याहून ठसठशीत पुरावा नको.

पण महाडचा धडा येथेच संपत नाही. तेथे एक ठराव होता, म्हणून त्याच्या अंमलबजावणीसाठी हजारो पावले तळ्याकडे निघाली. ठराव फिरविणाऱ्यांना तो उघडपणे फिरवावा लागला. त्याची तारीख इतिहासात राहिली. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने सवर्णांचा मक्तेदारीचा दावा अमान्य केला. अन्याय करणारी सभा असेल तर तिच्याशी भांडता येते. सभाच नसेल तर भांडण कोणाशी करावयाचे? बहुमताच्या जुलमावर मूलभूत हक्क आणि न्यायालय हे उतारे आहेत. बहुमताला मुळीच न विचारणे हा त्यावरचा उतारा नाही.

अधिकारी पक्षपातापासून मुक्त असतात, हा समजही नोएडाने खोटा ठरविला आहे. सेक्टर ९३-अ मधील दोन उत्तुंग इमारतींविरुद्ध रहिवासी २०१२ मध्ये न्यायालयात गेले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकासक आणि प्राधिकरणाचे अधिकारी यांच्या संगनमतावर बोट ठेवून त्या पाडण्याचा आदेश दिला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी त्या जमीनदोस्त झाल्या. जो प्रश्न प्रभागाच्या सभेत पहिल्याच वर्षी विचारला गेला असता, त्याचे उत्तर मिळण्यास दहा वर्षे आणि स्फोटके लागली.

महाराष्ट्राने याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू नये. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचाच कारभार चालला. त्या काळात कचरा उचलला गेला, पाणी आले. म्हणून फारसे कोणी हळहळले नाही. नेमके येथेच नागरिकाचा ग्राहक होतो. ग्राहकाला सेवा मिळते. सेवेविषयीच्या निर्णयात त्याला वाटा नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडासाठी महानगर परिषदेच्या प्रस्तावाचा विचार करण्यास उत्तर प्रदेश शासनाला सांगितले. न्यायालयाला हे सांगावे लागावे, ही राजकीय पक्षांच्या नामुष्कीची गोष्ट आहे. परिषद होवो वा महापालिका. तिच्यातील आसने मतदारांनी भरलेली असावीत आणि ‘औद्योगिक नगरी’चे परंतुक लाखोंच्या शहरांना लावण्याची मुभा संसदेने काढून घ्यावी. उद्यानात कोणी, केव्हा बसावे याचा वाद त्यानंतरही होईलच. तो उद्यानाचा वापर करणाऱ्यांमध्ये व्हावा, एवढीच लोकशाहीची किमान अट आहे.