नाटक झालं, टाळ्या पडल्या. पण त्यावर लिहिलं कोणी? मराठवाड्यातल्या नव्या रंगकर्मींसमोरचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात, सूतगिरणी चौकाच्या आसपास, भाड्यानं खोली करून राहणारी मुलं-मुली बरीच आहेत. कुणी बीडहून आलेलं, कुणी जालन्याहून, कुणी परभणीहून. बहुतेक जण कॉलेज किंवा स्पर्धा परीक्षेसाठी येतात. काहींना मात्र नाटक करायचं असतं.

समजा, यातल्याच एका मुलीनं एकांकिका लिहिली. तिच्या वस्तीतली, तिच्या आईच्या बोलीतली. दोन महिने तालमी झाल्या. वर्गणी काढून नेपथ्य उभं राहिलं. स्पर्धेत प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, प्रशस्तिपत्रही मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? बक्षिसांची यादी. इन्स्टाग्रामवर काय उरतं? २४ तासांत गायब होणारी स्टोरी.

नाटक काय म्हणत होतं, कुठे जमलं, कुठे फसलं, याबद्दल एक ओळही कुठे नसते. सिनेमा नंतरही बघता येतो. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. मागे उरतं ते फक्त त्याबद्दल लिहिलेलं. तेच नसेल, तर पाच वर्षांनी ते नाटक झालं होतं हे सांगणार कोण?

नुसतं कौतुक कमी पडतंय का?

नाही. 'जबरदस्त', 'अंगावर काटा आला' अशा कमेंट भरपूर मिळतात. अडचण अशी की त्यातून लेखिकेला पुढच्या नाटकासाठी काही हाती लागत नाही. स्पर्धेचे परीक्षक गुण देतात, निकाल लागतो, पण त्या गुणांमागचा विचार प्रेक्षकांपर्यंत सहसा पोहोचत नाही. मोठ्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं बहुतेक मुंबई-पुण्यात लागलेल्या व्यावसायिक नाटकांची असतात. मराठवाड्यातल्या एका स्पर्धेतला एकच प्रयोग बघायला तिथून कोण येणार?

परीक्षणाचा उपयोग फक्त मान मिळण्यापुरता नसतो. दुसऱ्या शहरातल्या संस्थेनं प्रयोगासाठी बोलवावं, शिष्यवृत्तीच्या अर्जाला काहीतरी जोडता यावं, पुढं कुणी अभ्यास करायला घेतलं तर धागा सापडावा, या सगळ्यासाठी लेखी नोंद लागते. घरात नाटकाची ओळख नसलेल्या, दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून पहिल्यांदाच रंगमंचावर येणाऱ्या मुलांना तर ती जास्तच लागते. त्यांच्यासाठी फोन करणारं कुणी ओळखीचं नसतं.

कोण तपासतं, यानं खरंच फरक पडतो?

मराठी नाटकाच्या इतिहासात याचं ठळक उदाहरण आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. अडाणी कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाखाली कसं लुबाडलं जातं आणि शेवटी ते शिक्षणाकडे कसं वळतं, असा त्याचा विषय. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं नाकारलं. तिथल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, अशा आशयाचं फुल्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. नाटक छापून आलं ते १९७९ मध्ये, म्हणजे १२४ वर्षांनी.

मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवर'पासून मोजली जाते. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांत एक सामाजिक नाटक लिहून तयार होतं. पण ते तपासणाऱ्यांच्या टेबलावरून पुढं सरकलं नाही, म्हणून कित्येक पिढ्यांच्या वाचनातही आलं नाही.

या शहराचा यात काय संबंध?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. तिथल्याच म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. ते मिलिंदमध्ये झालं आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झालं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना हे नाव सुरुवातीलाच येतं.

पुढं प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी इथूनच 'अस्मितादर्श' सुरू केलं. या नियतकालिकानं दलित लेखकांच्या कथा-कविता तर छापल्याच, शिवाय त्यांना एकमेकांच्या लेखनावर लिहायलाही लावलं. पानतावणे नवख्या लेखकांना पत्रं लिहायचे, लिहितं करायचे. गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरायचे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

आज ज्याला 'मेंटॉरिंग' म्हणतात, ते हेच. दलित साहित्य कोणत्या निकषांवर वाचायचं, हा वाद अशाच वातावरणात वाढला. शरद पाटलांचं 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' १९८८ मध्ये आणि शरणकुमार लिंबाळे यांचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ मध्ये आलं. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मागोमाग त्यांच्यावर लिहिणारेही तयार झाले.

मग नाटकाचं घोडं कुठे अडलं?

नाटककार आले. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी', दत्ता भगत यांचं 'वाटा-पळवाटा' ही नावं नाटकवाल्यांना सांगावी लागत नाहीत. शहरातल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून कितीतरी कलावंत घडले. तमाशाचे अभ्यासक रुस्तुम अचलखांब याच विभागात शिकवायचे. गज्वींच्या पुढाकारातून बोधी नाट्य परिषदेच्या नाट्यलेखन कार्यशाळाही झाल्या. लेखक, नट, दिग्दर्शक घडवायची काही ना काही सोय झाली. परीक्षण लिहिणारा घडवायची तशी टिकाऊ सोय मात्र उभी राहिली नाही.

याची कारणं साधी आहेत. पुस्तक पोस्टानं गावात पोहोचतं. नाटकासाठी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी जावं लागतं. तिकीट काढावं लागतं. एकदा बघून कळेलच असं नाही, पण दुसरा प्रयोग होईल याची खात्री नसते. आणि एवढं करून लिहिलं, तर छापणार कोण? पैसे देणार कोण?

लिहिणाऱ्याला वेगळं काय माहीत असावं लागतं?

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे २०१२ मध्ये आलेलं नाटक घ्या. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. शिवाजी महाराजांच्या जिरेटोपात बसणारं डोकं शोधत यम पृथ्वीवर फिरतो, अशी त्यातली कल्पना. हे नाटक राज्यभर गाजलं.

फक्त दिवाणखान्यातली नाटकं बघितलेला माणूस याला 'गावाकडच्या पोरांचा उत्साही प्रयोग' म्हणून मोकळा होऊ शकतो. ज्याला शाहिरी, आंबेडकरी जलसा आणि तमाशाचा वग माहीत आहे, त्याला दिसतं की यातली गाणी मध्येच घुसडलेली नाहीत. नाटकाचा युक्तिवादच गाण्यांतून पुढं सरकतो. एकाच प्रयोगाची ही दोन वाचनं आहेत आणि त्यातलं कोणतं छापलं जातं, यावर नाटकाची ओळख ठरते.

हा प्रश्न फक्त इथलाच आहे का?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हाच वाद वंशाच्या अंगानं चालू आहे. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतले कलाकार रंगमंचावर वाढले, पण परीक्षणं लिहिणारे बहुतेक गोरेच राहिले. त्यावर उपाय म्हणून शिकागोत 'द की' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात अनुभवी समीक्षकांनी तरुणांना परीक्षण लिहायला शिकवलं. लंडनमध्ये 'क्रिटिक्स ऑफ कलर' या गटानं गोऱ्या नसलेल्या लिहिणाऱ्यांना नाटकं बघायला मिळावीत म्हणून दारं उघडून घेतली. जात आणि वंश एकच नाहीत. पण 'बघणारा कोण आणि ठरवणारा कोण' हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे.

मग दलित नाटकावर फक्त दलितांनीच लिहायचं का?

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर 'नाही' असंच आहे. उलट, नव्या समीक्षकाला फक्त 'त्यांच्या' नाटकांपुरतं ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा एका कप्प्यात बसवणं. गारखेड्यातल्या त्या मुलीनं मुंबईहून आलेल्या विनोदी नाटकावरही लिहावं. तिला जिथे हसू आलं नाही, ते का आलं नाही, हे वाचणं मुंबईच्या निर्मात्यालाही उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. छोट्या शहरात सगळे एकमेकांना ओळखतात. कालचा दिग्दर्शक उद्या परीक्षण लिहिणार असेल, तर मित्रांची तारीफ आणि विरोधकांचा हिशेब एवढंच होईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच नियम आधी ठरवावे लागतात. ज्या संस्थेत काम केलं, तिच्यावर लिहायचं नाही. ओळख असेल तर ती लेखातच सांगायची. आणि 'आपल्या माणसांचं' नाटक फसलं असेल, तर तेही कारणांसह लिहायचं. समाजाच्या प्रेमापोटी केलेली खोटी स्तुती नव्या लेखकाचं सगळ्यात जास्त नुकसान करते.

इथे काय करता येईल?

याला मोठा निधी लागत नाही. उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर गारखेड्याहून रिक्षानं काही मिनिटांवर आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी रोज चार-पाच विद्यार्थ्यांना पास द्यावेत. प्रत्येकानं त्याच रात्री ५०० शब्द लिहावेत. दुसऱ्या दिवशी एखाद्या जाणत्या रंगकर्मीनं किंवा प्राध्यापकानं ते सगळ्यांसमोर वाचून घ्यावं आणि विचारावं: 'छान' म्हणजे काय? प्रकाशयोजना दिसली का? भाषा कुठली होती? न आवडण्याचं कारण नाटकात आहे की तुझ्यात? दुरुस्त केलेला लेख स्थानिक पेपरनं किंवा वेबसाइटनं छापावा आणि त्याचे थोडे का होईना, पैसे द्यावेत. पैसे महत्त्वाचे, कारण फुकटचं काम ज्यांना परवडतं तेच शेवटी टिकतात आणि गाडी पुन्हा पहिल्याच जागी येते.

पानतावण्यांकडे पोस्टाची पेटी आणि एक नियतकालिक होतं. आजच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, पण त्यांचा पहिला मसुदा वाचून 'हे पुन्हा लिही' म्हणणारं माणूस कमी आहे. तसं माणूस मिळालं, तर पुढच्या स्पर्धेनंतर बक्षिसांच्या यादीखाली नाटकांबद्दलही दोन परिच्छेद वाचायला मिळतील. त्या मुलीला आपलं दुसरं नाटक लिहायला घेताना, पहिलं कुठे फसलं होतं हे ठाऊक असेल.