नोंदवहीतले वय आणि मैदानावरचे वय

मे महिना उजाडला की चर्चच्या पटांगणावर फक्कीच्या रेषा पडतात आणि मुलांच्या स्पर्धा सुरू होतात. त्यांचे आम्हांला कौतुकच आहे. तथापि ‘बारा वर्षांखालील’ गटात मिसरूड फुटलेला गोलंदाज धावत येताना दिसला, की आमची मान खाली जाते. त्या मुलाने आपले वय स्वतःहून चोरलेले नसते. अर्ज वडिलांनी भरलेला असतो आणि आईने तो वाचलेला असतो.

खरी तारीख धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत लिहिलेली आहे. शेजारी आईवडिलांची नावेही आहेत. श्रद्धेच्या बाबतीत बालकाचे पहिले शिक्षक होण्याची जबाबदारी त्याच दिवशी आपण वेदीसमोर स्वीकारली होती. आता तेच शिक्षक मैदानाच्या फाटकाशी मुलाला बजावतात, “पंचांनी विचारलं तर अकरा सांग हं!” गेल्याच महिन्यात ज्याने तेरा मेणबत्त्या फुंकल्या, त्याला! रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा हाच मुलगा घडाघडा म्हणून दाखवील. त्याने मानायचे कोणाचे?

“सगळेच संघ करतात, मग आपणच का मागे राहावे?” असे आम्हांला ऐकवले जाते. सगळेच नसले तरी पुष्कळ करतात. म्हणून तर सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून वय पडताळण्याची पाळी क्रिकेट नियामक मंडळावर आली. आईवडिलांच्या शब्दापेक्षा हाडाची साक्ष खरी मानावी लागते, याची लाज कोणी बाळगायची? आणि खरोखर अकरा वर्षांचा जो मुलगा यापायी राखीव म्हणून बाकावर बसून राहतो, तो कोणाचा? तोही आपल्याच धर्मग्रामातला, बहुधा आपल्याच आळीतला.

मुंबईने निराळा दाखला पाहिलेला आहे. १९८० साली वानखेडे स्टेडियमवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद ठरवले. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना तो निर्णय पटला नाही. त्यांनी टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. आपल्याकडे त्या कसोटीचा विषय निघाला, की बोथमच्या बरोबरीने पराभूत कर्णधाराचे नाव निघते.

आम्ही स्वतः सोवळे नाही. एका वर्षी अंतिम सामन्यात आमच्याच संघात असा एक ‘बारा वर्षांचा’ फलंदाज होता. आम्हांला ते ठाऊक होते, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

येत्या मे महिन्यात प्रत्येक अर्जासोबत स्नानसंस्काराचा अथवा जन्माचा दाखला घ्यावा, असे आमचे आयोजकांना सांगणे आहे. लबाडी उघडकीस आली तर मुलाला बाहेर न काढता त्याच्या योग्य गटात खेळू द्यावे. पंचांसमोर खरे वय सांगायला मात्र वडिलांनी यावे. आमचा तो चषक अजून मंडळाच्या कपाटात आहे. तो परत करण्याचा ठराव पुढील सभेत आम्हीच मांडणार आहोत.